दीड स्टार आणि सासूबाईंचं रडू

माझा नवरा सिनेमांची सालं काढून पोट भरतो. लग्न ठरलं तेव्हा कोल्हापुरात माझ्या वडिलांना हे समजावता समजावता माझी दमछाक झाली होती. "म्हणजे तो सिनेमा काढत नाही, नुसता नावं ठेवतो? आणि त्याचे पैसे मिळतात?" मिळतात. चेन्नईत कार्तिकच्या यूट्यूब चॅनलला भलतंच वजन आहे. शुक्रवारी पहिला खेळ बघायचा आणि दुपारी वेस्ट मांबलममधल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, आवाज येतो म्हणून पंखा बंद करून, घाम पुसत पुसत कॅमेऱ्यासमोर सिनेमाची चिरफाड करायची, हा त्याचा धंदा. मी सिरुसेरीला एका कंपनीत आहे. त्यामुळे घरात निदान एक तरी माणूस असं आहे, ज्याला अनोळखी लोक शिव्या देत नाहीत.

त्या शुक्रवारी 'कडैसी मल्लिगै' नावाचा तमिळ सिनेमा लागला. नावाचा अर्थ शेवटचा मोगरा, आणि एवढ्यावरून ज्याला कल्पना आली नसेल त्याच्यासाठी कथा सांगते. एका लहानशा गावातल्या मल्लीचा प्रियकर 'येतो' म्हणून नोकरीला जातो. ती तीस वर्षं रोज संध्याकाळी एक गजरा विकत घेते आणि विहिरीत सोडते. शेवटी तो पांढऱ्या केसांनी दारात उभा राहतो, तिच्या केसांत गजरा माळतो आणि ती त्याच्या मांडीवर प्राण सोडते. मागे व्हायोलिनं थांबायचं नाव घेत नाहीत.

समीक्षक तुटून पडले. एका इंग्रजी पेपरने लिहिलं की तिकिटाबरोबर रुमाल नको, टॉवेल वाटा. दुसऱ्याने त्या विहिरीची कीव केली. कार्तिकने दीड स्टार दिला, तोही कॅमेरामनकडे बघून. आणि वर म्हणाला, "तीस वर्षं वाट बघणारी बाई या दिग्दर्शकाने कुठे पाहिली? माझ्या घरात तीन बायका आहेत. बस पाच मिनिटं उशिरा आली तर तिघी रिक्षा करून मोकळ्या होतात." हे वाक्य फार गाजलं. त्याचे मीम झाले.

त्या तीन बायका म्हणजे मी, माझ्या सासूबाई राजसबाई आणि दिवंगत सासऱ्यांची धाकटी बहीण सकवारआत्या. आत्या शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, लग्न केलेलं नाही. त्यामागची गोष्ट मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका नातेवाईक बाईने कानात सांगितली. मामाचा मुलगा संताजी याच्याशी त्यांचं लहानपणापासून ठरलेलं होतं. मामाच्या मुलाचा पहिला हक्क, हा रिवाज तंजावरच्या मराठ्यांत आहे; आमच्या कोल्हापुराकडे तो हक्क आत्याच्या मुलाचा. संताजी भिलाईच्या कारखान्यात नोकरीला गेला आणि परत आलाच नाही, तिकडेच लग्न करून बसला. आत्यांनी मग दुसरं स्थळ पाहू दिलं नाही. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे, आणि कार्तिकने ते बसचं वाक्य बोलण्याआधी जरा विचार करायला हवा होता असं मला वाटलं. आत्यांनी मात्र तो व्हिडिओ बघितला आणि "बरा बोललास डा" एवढंच म्हणाल्या. डा म्हणजे रे.

आता या घरच्या मराठीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. ही माणसं तंजावरला जाऊन साडेतीनशे वर्षं झाली. त्यांची मराठी माझ्या कानांना आधी पोथीसारखी लागायची, त्यात तमिळ शब्दांची फोडणी. पण खरी गंमत ती वापरायच्या पद्धतीत. चेन्नईत आपली भाषा कोणाला कळत नाही, हे यांच्या हाडीमाशी इतकं मुरलंय की चारचौघांत ही माणसं बेधडक वाट्टेल ते बोलतात. भाजीवाल्याच्या तोंडासमोर त्याच्या भेंडीची निंदा. डॉक्टरसमोर डॉक्टरच्या पोटाची. घरात शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून जे कुजबुजतात, ते बसमध्ये खणखणीत आवाजात सांगतात. एकदा लिफ्टमध्ये सासूबाई दोन तरुणांच्या घामाच्या वासाविषयी सविस्तर बोलल्या. ती पोरं नागपूरची निघाली. "आजी, उद्यापासून आंघोळ करून येतो," असं त्यांतला एक म्हणाला, तेव्हा सासूबाई तीन मजले भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पण धडा काही घेतला नाही.

रविवारी मी त्यांना 'कडैसी मल्लिगै'ला नेलं. त्यांचाच हट्ट. कार्तिकने शिव्या घातलेला प्रत्येक सिनेमा त्यांना बघायचा असतो. आत्यांनी "मज रडके सिनेमे नकोत" म्हणून यायला नकार दिला. वडपळनीच्या थिएटरात पहिला अर्धा भाग सासूबाईंनी पॉपकॉर्न खात, मल्लीच्या साड्यांना नावं ठेवत काढला. शेवटी तो प्रियकर दारात येऊन उभा राहिला आणि या बाई अशा रडायला लागल्या की मी घाबरलेच. हमसून हमसून. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. सासरे गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांना पायऱ्यांजवळ उभं केलं आणि मी तळघरातून स्कूटर काढायला गेले. परत येते तर त्यांच्यासमोर माइक घेतलेली दोन पोरं. सिनेमा सुटला की थिएटरबाहेर ही मंडळी असतातच, येईल त्याला धरतात आणि "पडम् एप्पडी?" विचारतात, म्हणजे सिनेमा कसा वाटला. मी हॉर्न दिला, सासूबाई मागे बसल्या, आम्ही घरी आलो.

सोमवारी मी घरून काम करत होते. सकाळी कार्तिक मागच्या खोलीतून बाहेर आला तो हातात फोन घेऊन, आणि त्याचा चेहरा बघून मी कानातला हेडफोन काढून ठेवला.

"जयंती, हे बघ," तो म्हणाला. "मला काल रात्रीपासून लोक पाठवतायत. दगडाच्या काळजाच्या समीक्षका, या पाट्टीचं रडणं बघ म्हणून. मी आत्ता उघडलं."

पाट्टी म्हणजे आजी. व्हिडिओचं नाव होतं, 'तेलुगू पाट्टीने अख्ख्या चेन्नईला रडवलं'. तमिळ नाही म्हणजे तेलुगू, एवढा त्यांचा हिशेब. आणि पडद्यावर माझी सासू. माइकवाला तमिळमध्ये विचारतोय, पाट्टी, का रडताय, सांगा ना, सांगा. खाली तमिळ अक्षरांत मजकूर सरकत होता. मला तमिळ सावकाश वाचता येतं. 'माझे यजमान आठवले. किती प्रेम होतं. असं प्रेम आता कुठे राहिलंय? सर्वांनी हा सिनेमा अवश्य पाहा.' मागे त्या सिनेमातलीच व्हायोलिनं लावलेली.

पण ओठांतून येणारे शब्द ते नव्हतेच. सासूबाई मराठीत बोलत होत्या.

"हा आला तर ती भेटली तरी. आमच्या घरीं पण आला होता तो. संताजी. दारांत उभा होता, पेटी घेऊन. मीच सांगितलें, सकवारचें लग्न झालें, ती कुंभकोणला गेली म्हणून. खोटें सांगितलें. ती आंतच होती. मीच घालवला त्यास. अय्यो, मी घालवला."

मला आधी कळेचना. म्हणजे शब्द कळले, अर्थ आत शिरेना. मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा कार्तिकने फोन काढून घेतला. संताजी परत आला होता? आला होता, दारात उभा राहिला होता, आणि माझ्या सासूने त्याला खोटं सांगून परत पाठवलं? आणि जिच्या आयुष्याचं हे झालं ती बाई त्या क्षणी पुढच्या खोलीत चष्मा लावून शब्दकोडं सोडवत बसली होती!

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. कार्तिकने दार लोटलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. त्या आधी स्वतःला बघून लाजल्या, मग आवाज ऐकला आणि ओट्याला धरून खाली बसल्या.

"हें फोनांत कसें आलें?"

"अम्मा, माइक होता तुझ्या तोंडासमोर! काय वाटलं तुला?"

"त्यांस काय कळतें म्हणून बोललें रे. पोरगा सारखा विचारत होता. छातींत माईना. तमिळांत सांगायला जीभ वळेना, म्हणून आपल्या भाषेंत सांगून टाकलें. सुम्मा, उगाच. त्यांस कळणार नहीं, माझें पोट हलकें होईल म्हणून."

"पण खरं आहे का हे?"

खरं होतं. मग हळूहळू बाहेर आलं. कार्तिक तेव्हा चार-पाच महिन्यांचा. बाळंतपणानंतर त्यांना काय झालं होतं ते त्या काळी कोणाला नाव देता आलं नाही. मूल रडलं की त्या कान झाकून घ्यायच्या, जवळ घ्यायची भीती वाटायची. सकवारआत्या सकाळी त्याला न्हाऊ-माखू घालून शाळेत जायच्या आणि दुपारी येऊन पुन्हा घ्यायच्या. अशात एका दुपारी संताजी दारात उभा राहिला, लग्नाचं विचारायला. "सकवार गेली असती तर मी त्या लेकरासकट मेलें असतें," सासूबाई म्हणाल्या. "सासरे झोपले होते, हे कामावर. तोंडांतून निघून गेलें. तो काहीं बोलला नहीं. पेटी उचलली आणि गेला."

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तीस वर्षं वाट बघणारी बाई कुठे पाहिली, असं जगाला विचारणारा हा माणूस. वाट बघायला लावणारं कारण तो स्वतः होता, पाळण्यात.

"सकवारला कळूं देऊं नका," सासूबाईंनी माझा हात धरला. "तुझ्या पायां पडतें ग. तिला कळलें तर ती माझें तोंड पाहणार नहीं. या वयांत मी तिच्याविना काय करूं?"

त्या क्षणी मला त्यांची दया आली नाही, संताप आला. अकरा वर्षं मी या घरात बघत आले होते: कॉफीचा पहिला पेला आत्यांचा, खिडकीजवळचा पलंग आत्यांचा, आत्यांना ताप आला की सासूबाई उपाशी. मला वाटायचं काय माया आहे नणंद-भावजयीत! माहेरी जाऊन कौतुक सांगायची. ते सगळं प्रायश्चित्त होतं तर. एखाद्याचं आयुष्य लुबाडायचं आणि वर त्याला कॉफी द्यायची. पण दुसरीकडे हेही दिसत होतं की आत्यांना हे कळलं तर पासष्टीला आलेली ती बाई मोडून पडेल. त्यामुळे संताप गिळून मी मदतीला लागले.

कार्तिकने त्या चॅनलला फोन लावला. व्हिडिओ काढा म्हणाला. पलीकडचा माणूस हसला. "सार, दीड स्टार तुम्ही दिला. आता लोकांना सिनेमा आवडतोय तर पोटात का दुखतंय?" कार्तिकची सहनशक्ती आधीच संपलेली. तो ओरडला, "अरे, ती माझी आई आहे!" पलीकडून अतिशय आदबशीर आवाजात, "अप्पडिया, सार?" म्हणजे असं का. मी कपाळावर हात मारला. दुपारच्या आत व्हिडिओचं नाव बदललं. 'दीड स्टार देणाऱ्या समीक्षकाच्या आईचेच अश्रू!' निर्मात्याने तो स्वतःच्या पानावर टाकला, नायिकेने हात जोडलेल्या चित्रासह पुढे ढकलला. ज्यांना आतापर्यंत ती कुठली तरी तेलुगू आजी वाटत होती त्या सगळ्यांना, तंजावरच्या, कुंभकोणच्या, तिरुचीच्या झाडून साऱ्या नातेवाइकांना आता कळलं की ही आपली राजसबाई. आणि त्या मंडळींना खालचा तमिळ मजकूर वाचायची गरज नव्हती.

मी वायफाय बंद केलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"जयंती, नेट गेलें का?" पुढच्या खोलीतून आत्यांनी विचारलं.

"हो आत्या, सगळ्या बिल्डिंगचं गेलंय."

"असो. माझ्या फोनांत आहे," त्या म्हणाल्या. या बाईने आयुष्यभर कोणावर अवलंबून न राहण्याचा जो नियम पाळलाय, त्यात मोबाइलचा डेटासुद्धा येतो हे मी विसरले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तंजावरहून हंबीरराव, त्यांचे चुलतभाऊ. आम्ही तिघंही स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभे राहिलो. आत्या ऐकत होत्या. "हूं," म्हणाल्या. "कुठें? पाठव." मग चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला, आणि त्या लहानशा खोलीत ती व्हायोलिनं सुरू झाली. हा आला तर ती भेटली तरी.

त्यांनी तो पूर्ण बघितला. फोन उलटा करून शब्दकोड्यावर ठेवला.

सासूबाई पुढे झाल्या आणि खरोखर त्यांच्या पायांशी बसल्या. "सकवार, मज मार. काय करायचें तें कर. बोलणें टाकूं नकोस फक्त."

"ऊठ वैनी. गुडघे दुखतील," आत्या म्हणाल्या. "मज ठाऊक होतें."

मी दाराची चौकट धरली. कार्तिकच्या तोंडून "काय?" निघालं ते इतक्या बारीक आवाजात की मला तो त्याचा वाटलाच नाही.

"मागच्या खोलींत होतें मी. दार उघडें. अस्कें, सगळें ऐकलें. लग्न झालें म्हणालीस, कुंभकोण म्हणालीस. तेंही ऐकलें."

"मग बाहेर कां नहीं आलीस?" सासूबाई जवळजवळ किंचाळल्या.

कार्तिक पुढे आला, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने जे विचारलं ते ऐकून माझा कानांवर विश्वास बसेना. "अत्ते," तो म्हणाला, डोळे भरलेले, "मी झोपलो होतो का तुझ्या मांडीवर? म्हणून उठली नाहीस?" हाच तो माणूस. असला संवाद कुठल्या सिनेमात आला असता तर त्याने त्या लेखकाला आठवडाभर फाडून खाल्लं असतं. आणि आता तोच संवाद तो स्वतः लिहून आत्यांच्या तोंडात घालत होता आणि 'हो' म्हणावं म्हणून आशेने बघत होता.

"नहीं डा," आत्या म्हणाल्या. "तू पाळण्यांत होतास. मांडी रिकामीच होती."

कार्तिकने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"पांच वर्षें मी त्याची वाट पाह्यली, हें खरें. रोज पोस्टमनाकडे बघितलें. पण दारांत त्याचा आवाज ऐकला, आणि पोटांत गोळा आला. आनंदाचा नव्हे. आतां भिलाईला जावें लागणार, शाळा सोडावी लागणार, या माणसास तीन वेळां जेवायला वाढावें लागणार. मज एकदम कळलें, मज जायाचें नहीं. पण नको कसें म्हणावें? मामाचा मुलगा, लहानपणचें ठरलेलें. माझें डोकें चालेना. तेवढ्यांत हिनें खोटें सांगितलें." त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. "मी भिंतीस टेकून देवास हात जोडले. माझें काम परस्पर झालें. तुझा रिव्ह्यू बरोबर होता डा. तीस वर्षें कोणी थांबत नहीं."

मी लग्नानंतर अकरा वर्षं ज्या बाईकडे हळव्या नजरेने बघत होते, मोगऱ्याचा वास आला तरी जिच्यासमोर विषय बदलत होते, ती ही! मला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंना मात्र ते कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"आणि मज कधीं सांगितलें नहींस? एवढीं वर्षें?"

"कसाला सांगूं?" आत्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "सांगितलें असतें तर वर्षांत दुसरें स्थळ आणून मज घालवली असतीस. अण्णाच्या घरांत लग्न न झालेली बहीण कोण ठेवतो? शेजारची पाह्यली नहीं का मी? भावजयीनें महिन्यांत बाहेर काढली. तुझ्या मनांत तो कांटा होता, म्हणून मज इथें जागा होती. तो मी कसाला काढूं? तू मज चांगलें दिलेंस कीं मज वाटायचें, कांटा अजून आहे. मग मी निवांत झोपायची."

सासूबाई उठल्या. भिंतीला धरत स्वतःच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. ते दार मी दिवसा लावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी कोणी जेवलं नाही. कार्तिकचा फोन सारखा थरथरत होता. तुमच्या आईचं ऐकून स्टार वाढवणार का, असं लोक विचारत होते. त्याने तो सोफ्याच्या गादीखाली सारला. "सिनेमा वाईटच आहे," तो माझ्याकडे बघून म्हणाला, जणू मीच वाद घालतेय. "पण मी रिव्ह्यूत जे बोललो ते कशाच्या जोरावर बोललो, मला माहीत नाही. मला माझ्या घरातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं."

चारच्या सुमाराला आत्यांच्या कपाटाचं दार वाजलं. मी जाऊन बघते तर पलंगावर जुनी निळी बॅग उघडी, आणि आत्या साड्यांच्या घड्या घालून त्यात ठेवतायत. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"हे काय, आत्या?"

"हंबीररावाकडे जातें. सांजची गाडी आहे तंजावरची."

"का पण?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गातल्या मठ्ठ मुलीकडे बघावं. "कांटा निघाला ग. आतां कसाच्या जोरावर राहूं?"

मी धावत जाऊन सासूबाईंचं दार वाजवलं. नुसतं वाजवलं नाही, लाथ घातली असं कार्तिक नंतर म्हणाला. सासूबाई बाहेर आल्या. केस सुटलेले, डोळे सुजलेले. त्यांनी बॅग बघितली. मला वाटलं आता या म्हणणार, जा. फसवल्या गेलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो. चाळीस वर्षं स्वतःला कोसत राहायचं आणि मग कळायचं की समोरची खुशाल झोपत होती. माझ्या हातून भांडी फुटली असती.

"सकवार," त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस तो कांटा. एक-दोन वर्षें होता. झोप लागायची नहीं, तुझ्या तोंडाकडे पाहवायचें नहीं. मग हा चालूं लागला. तुझी शाळा, ह्याची शाळा, सासऱ्यांचें दुखणें, हें घर घेतलें, हे वारले. मी विसरलें ग. कधीं विसरलें तेंही ठाऊक नहीं. काल त्या सिनेमांत तो दारांत येऊन उभा राह्यला, तेव्हां एकदम समोर आलें. अय्यो, हें मी केलें होतें! हें करून मी विसरून गेलें, मजेंत राह्यलें! ती शरम वाटली. म्हणून रडलें मी. त्यापूर्वीं वीस-पंचवीस वर्षें मज संताजीचें नांवही आठवलें नव्हतें."

आत्यांच्या हातातली साडी अर्धवट घडीतच राहिली.

"खोटें," त्या म्हणाल्या.

"आईशपथ."

"मग मज..." आत्या थांबल्या. जन्मभर गणित शिकवलेली बाई, पण तिला ही बेरीज जमेना. तोंड उघडं, नजर सासूबाईंवर खिळलेली. "कांटा नव्हता, तर मज एवढीं वर्षें कसाला ठेवलीस?"

सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. त्या माझ्याकडे, कार्तिककडे बघायला लागल्या, आत्या कुठल्या भाषेत बोलतायत अशा नजरेने.

"ठेवली कुठें?" त्या म्हणाल्या. "तू होतीस."

सकवारआत्या पलंगावर बसल्या. आधी साडीची घडी पुरी करायचा प्रयत्न केला, ती होईना. मग साडी तशीच तोंडाला लावली आणि रडायला लागल्या. संताजी दारातून परत गेला तेव्हा ज्या रडल्या नाहीत, त्या आता घसा फाटेपर्यंत, लहान मुलीसारख्या रडत होत्या, आणि सासूबाई बाजूला बसून पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "पण झालें काय? मी काय वाईट बोललें?"